जंतनाशकाची मात्रा आणि दुधाचा हिशेब

माणसांच्या मुलांसाठी देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते आणि त्याची बातमीही होते. गोठ्यातील जनावरांसाठी असा दिवस नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी हेच काम चालू असते. दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून जंतनाशकाची बाटली आणायची, जनावराचे तोंड उघडून औषध घशात सोडायचे आणि पुढील तीन महिन्यांची काळजी मिटली असे समजायचे, हा बहुतेक दूध उत्पादकांचा शिरस्ता. या औषधाने दूध नेमके किती वाढते, त्यासाठी होणारा खर्च भरून निघतो का आणि दर तीन महिन्यांनी सरसकट औषध पाजणे योग्य आहे का, या प्रश्नांची उत्तरे मात्र वाटतात तितकी सरळ नाहीत.

प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन होते. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी होत्या. एवढ्या मोठ्या पशुधनात प्रत्येक जनावरामागे पावशेर दुधाचा फरक पडला, तरी एकूण बेरीज प्रचंड होते. त्याचप्रमाणे प्रत्येक जनावरावर अनावश्यक औषध खर्ची पडले, तर त्या अपव्ययाची आणि दुधात उतरणाऱ्या औषधाच्या अंशाची बेरीजही लहान राहत नाही. शहरातील ग्राहकाच्या पिशवीशी या विषयाचा संबंध येतो तो येथे.

जंत कोणते, येतात कोठून?

बोलीभाषेत सगळ्यांनाच आपण 'जंत' म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचे तीन मोठे गट आहेत. पोटात व आतड्यात राहणारे गोल कृमी, यकृतात व पोटात राहणारे चपटे कृमी आणि लांब फितीसारखे पट्टकृमी. प्रत्येक गटाचे जीवनचक्र निराळे आणि त्यावर चालणारे औषधही निराळे. एकाच बाटलीने सगळे जंत पडतात, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

गोल कृमींची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. ओलावा आणि ऊब मिळाली की त्यांतून अळ्या निघतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात परत जातात. पावसाळा हा त्यांच्या वाढीचा काळ, तर कडक उन्हाळ्यात उघड्या कुरणावरील अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. या गटातील हिमोंकस हा कृमी रक्त शोषतो. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलीटर रक्त घेतो, असे पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पोटात असे हजार कृमी असतील तर दिवसाला ५० मिलिलीटर रक्त जाते. लहान जनावराला हे पेलत नाही. डोळ्यांच्या आतील त्वचा पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते आणि जनावर खंगत जाते.

मोठ्या दुभत्या जनावरात चित्र वेगळे असते. वारंवार संसर्ग होऊन त्याच्या शरीरात बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. ते आजारी दिसत नाही. फक्त थोडे कमी खाते आणि थोडे कमी दूध देते. जंतांमुळे होणारे नुकसान मुख्यतः या भूक मंदावण्यातून आणि खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग शरीराच्या झीजभरतीकडे वळण्यातून होते. डोळ्यांना न दिसणारे हे नुकसान मोजायचे कसे, हाच संशोधकांपुढचा खरा प्रश्न होता.

दूध किती वाढते?

जंतनाशक दिल्यावर दूध वाढते का, याचे प्रयोग गेली अनेक दशके चालू आहेत. १९९९ मध्ये अशा ८७ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० प्रयोगांत औषध दिलेल्या गायींचे दूध वाढलेले आढळले आणि मध्यम वाढ गायीमागे दिवसाला ०.६३ किलो होती. औषध कंपन्यांच्या माहितीपत्रकांना शोभेल असाच हा आकडा होता.

परंतु अशा आढाव्यात एक खोच असते. ज्या प्रयोगात दूध वाढले तो प्रसिद्ध होतो. ज्यात काहीच घडले नाही तो पुष्कळदा कपाटात पडून राहतो. त्यामुळे प्रसिद्ध प्रयोगांची सरासरी काढली की निष्कर्ष आपोआप फुगतो. २००४ मध्ये कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एकत्रित विश्लेषणात हा कल लक्षात घेऊन आकडेमोड करण्यात आली, तेव्हा वाढ दिवसाला सुमारे ०.३५ किलोवर आली. म्हणजे परिणाम खरा, पण सुरुवातीला वाटला त्याच्या जेमतेम निम्मा.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हे प्रयोग प्रामुख्याने थंड व समशीतोष्ण हवेच्या देशांत, कुरणात चरणाऱ्या आणि भरपूर दूध देणाऱ्या गायींवर झाले. तेथील मुख्य कृमी ऑस्टर्टेजिया हा आहे. आपल्याकडील बांधलेली संकरित गाय किंवा म्हैस, तिचा आहार आणि तिच्या पोटातील कृमी, या सर्वच बाबी वेगळ्या. त्यामुळे ०.३५ किलो हा आकडा महाराष्ट्रातील प्रत्येक गोठ्याला जसाच्या तसा लागू होतो असे मानता येणार नाही. अंदाजाची दिशा ठरवण्यापुरता तो उपयोगी आहे. जंतांचा भार जास्त असलेल्या जनावरात लाभ याहून मोठा असेल आणि स्वच्छ, कोरड्या गोठ्यात बांधून वाढवलेल्या जनावरात तो शून्याजवळही असू शकेल.

औषधापेक्षा महाग काय?

आता हिशेब मांडू. समजा, गाय दिवसाला १० लीटर दूध देते, दुधाला ३० रुपये दर मिळतो आणि औषध व ते पाजण्याचा खर्च १०० रुपये येतो. औषधाचा परिणाम ९० दिवस टिकला आणि दिवसाला ०.३५ किलो दूध वाढले, तर एकूण वाढ साडेएकतीस किलो, म्हणजे ढोबळमानाने ९४५ रुपयांची. शंभर रुपये घालून ९४५ रुपये मिळणे हा व्यवहार कोणालाही पटेल.

पण या हिशेबात एक रकमेचा उल्लेख राहून गेला. बहुतेक जंतनाशके दिल्यानंतर ठराविक काळ दूध विक्रीस काढायचे नसते. हा काळ औषधानुसार बदलतो आणि वेष्टनावर छापलेला असतो. तो तीन दिवसांचा धरला, तर ३० लीटर दूध, म्हणजे ९०० रुपये वाया जातात. औषधासह खर्च हजार रुपयांवर जातो आणि ९४५ रुपयांचा लाभ ५५ रुपयांच्या तोट्यात बदलतो. दूध ०.६३ किलोने वाढले तर वाढीव उत्पन्न सुमारे १,७०० रुपये होते आणि खर्च वजा जाता ७०० रुपये उरतात. थोडक्यात, जंतनिर्मूलनाचे अर्थकारण औषधाच्या किमतीवर फारसे अवलंबून नाही. ते फेकाव्या लागणाऱ्या दुधावर आणि जनावरात मुळात जंत किती आहेत यावर अवलंबून आहे.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, औषध जनावराच्या भाकडकाळात, म्हणजे विण्यापूर्वी देण्याची. तेव्हा फेकायला दूधच नसते, शिवाय विण्याच्या सुमारास जनावराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि जंतांना वाव मिळतो. मात्र गाभण जनावराला कोणते औषध चालते हे पशुवैद्यकालाच विचारले पाहिजे. अल्बेंडाझोल गर्भारपणाच्या पहिल्या दीड महिन्यात दिल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. दुसरी वाट, दूध वगळण्याचा काळ नसलेले औषध निवडण्याची. एप्रिनोमेक्टिन हे त्यातले परिचित उदाहरण. दुधात त्याचा अंश इतका अल्प उतरतो की अनेक देशांनी दुभत्या गायीत दूध न वगळता ते वापरण्यास मान्यता दिली आहे. मात्र ते साध्या औषधांपेक्षा महाग पडते.

तिसरी 'वाट' प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चोखाळली जाते. औषध द्यायचे आणि दूधही घालायचे. शेतकऱ्याचा हिशेब त्यामुळे जुळतो. पण त्याची किंमत नकळत ग्राहकाकडे सरकते.

दुधात काय उतरते?

आयव्हरमेक्टिन हे या संदर्भातील सर्वात महत्त्वाचे नाव. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनातून आलेले हे औषध १९८१ पासून जनावरांसाठी बाजारात आले, माणसांतील नदी-अंधत्व व हत्तीरोगाच्या निर्मूलनाला त्याने मोठा हातभार लावला आणि त्याबद्दल दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोल कृमींबरोबर गोचिड व खरजेवरही उपयोगी पडत असल्याने गोठ्यांत ते लोकप्रिय आहे. परंतु ते चरबीत विरघळते आणि दुधात बरेच दिवस उतरत राहते. म्हणूनच ज्यांचे दूध माणसांना विकायचे आहे अशा दुभत्या जनावरांत ते वापरू नये, असे त्याच्या वेष्टनावर नमूद असते. दूध उकळले म्हणजे औषधाचे अंश नष्ट होतात, असे धरून चालता येत नाही.

एक पेला दूध पिऊन कोणी आजारी पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ही औषधे माणसांनाही दिली जातात. प्रश्न आहे तो शिस्तीचा. ज्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजून दर ठरतो, तेथे औषधाचा अंश सहसा मोजला जात नाही. दूध वगळणाऱ्या प्रामाणिक उत्पादकाला त्याचा मोबदला मिळत नाही आणि न वगळणाऱ्याला काही भोगावे लागत नाही. नियम पाळणाऱ्याचाच तोटा व्हावा अशी ही रचना आहे.

सर्वात किफायतशीर मात्रा

दुभत्या गायीबाबत हिशेब असा काठावर असला, तरी वासरे आणि पारडी यांच्याबाबत तो निःसंदिग्ध आहे. म्हशीच्या पारडांत टोक्सोकारा विट्युलोरम हा मोठा गोल कृमी आढळतो. त्याची मादी ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते. त्याच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त असतात आणि व्याल्यानंतर चिकातून व दुधातून पारडाच्या पोटात जातात. गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी हा संसर्ग टळत नाही, कारण तो आईच्या दुधातून येतो. तीन-चार आठवड्यांत कृमी पूर्ण वाढतात. पांढरट चिखलासारखी, दुर्गंधी हगवण, पोट फुगणे, आतडे तुंबणे आणि अखेर मृत्यू, असा क्रम अनेक गोठ्यांत पाहायला मिळतो.

यावर उपाय साधा आहे. पारडू साधारण दहा ते सोळा दिवसांचे असताना योग्य जंतनाशकाची एक मात्रा दिली, तर कृमी अंडी घालण्यापूर्वीच मरतात. पायपरेझिन, पायरँटेल, फेनबेंडाझोल यांसारखी जुनी, स्वस्त औषधे त्यासाठी पुरतात. पारडाचे वजन थोडे असल्याने मात्रा लहान लागते आणि वगळायला दूध नसते. एवढ्याशा खर्चात एक जीव वाचतो आणि पुढे एक दुभती म्हैस तयार होते.

कालवडींचेही असेच. पहिल्या पावसाळ्यात चरायला जाणाऱ्या कालवडीला प्रतिकारशक्ती नसते. जंतांमुळे तिची वाढ खुंटली की ती उशिरा माजावर येते आणि उशिरा विते. समजा, पहिले वेत दोन महिने लांबले आणि तिच्या खाद्याचा दिवसाचा खर्च १०० रुपये असेल, तर ६,००० रुपये निव्वळ सांभाळण्यात जातात. दुधाचे नुकसान त्याखेरीज. असे असूनही व्यवहारात औषधाचा पहिला मान दुभत्या गायीला मिळतो आणि वासरू मागे राहते. दूध न देणाऱ्या जनावरावर खर्च कशाला, हा विचार त्यामागे असतो. हिशेब मात्र नेमका उलट सांगतो.

भातपट्ट्याचा प्रश्न

कोकण, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांसारखा भातपट्टा आणि कालव्याखालील पाणथळ भाग येथे चपट्या कृमींचा विचार वेगळा करावा लागतो. यकृतातील फॅसिओला जायगँटिका, म्हणजे लिव्हर फ्लूक, हा त्यांतील प्रमुख. त्याचे जीवनचक्र गोड्या पाण्यातील गोगलगायीशिवाय पूर्ण होत नाही. गोगलगायीतून बाहेर पडलेले सूक्ष्म जीव पाण्याकाठच्या गवतावर आणि भाताच्या ताटांच्या बुडख्यावर चिकटून कोषात बसतात. ते गवत किंवा ताजा पेंढा खाल्ला की संसर्ग होतो. त्यामुळे जनावर कधीच चरायला सोडले नाही, तरी ओढ्याकाठचे कापून आणलेले गवत हा रोग गोठ्यात आणून सोडते.

या कृमीची पूर्ण वाढ व्हायला तीन ते चार महिने लागतात आणि औषधांची मर्यादा येथेच उघड होते. फेनबेंडाझोल किंवा लेव्हामिसोल नेहमीच्या मात्रेत गोल कृमींवर चालते, फ्लूकवर नाही. आयव्हरमेक्टिनचाही त्यावर परिणाम होत नाही. ऑक्सिक्लोझानाईड पूर्ण वाढलेले फ्लूक मारते. कोवळ्या फ्लूकवर चालणारे औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. भातपट्ट्यातील शेतकऱ्याने वर्षातून चार वेळा चुकीची बाटली पाजली, तर पैसे चारदा जातात आणि यकृत तसेच पोखरले जाते.

याउलट, वेळ अचूक साधली तर एकच मात्रा पुष्कळ काम करते. इंडोनेशियातील पश्चिम जावामध्ये १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या साह्याने झालेल्या कामातून, भाताच्या दुसऱ्या हंगामाच्या काढणीनंतर काही आठवड्यांनी, कोरडा मोसम चालू असताना वर्षातून एकदा औषध देण्याची पद्धत पुढे आली. त्या काळात नवी लागण थांबलेली असते, त्यामुळे स्वच्छ झालेले जनावर बराच काळ स्वच्छ राहते. त्याबरोबर पेंढ्याचा पाण्यालगतचा बुडखा न चारणे आणि पेंढा उन्हात नीट वाळवणे, ही बिनखर्चाची पथ्ये सांगण्यात आली. आपल्याकडे महिने बदलतील. तत्त्व तेच राहील.

औषध निकामी होते तेव्हा

सरसकट औषध पाजण्याची सर्वात मोठी किंमत आज दिसत नाही, उद्या दिसते. थायाबेंडाझोल हे आधुनिक जंतनाशक १९६१ मध्ये बाजारात आले आणि अवघ्या तीन वर्षांत, १९६४ मध्ये, त्याला न जुमानणारे हिमोंकस कृमी मेंढ्यांत आढळले. भारतातील मेंढ्यांतही १९७० च्या दशकात अशा नोंदी झाल्या. शेळ्या-मेंढ्यांत ही समस्या आता जगभर गंभीर आहे. गायींमध्ये ती तुलनेने सावकाश आली. पण न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत आयव्हरमेक्टिनला दाद न देणारे कृमी गायींतही आढळले आहेत.

कारण सोपे आहे. औषधाने दुबळे कृमी मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. कळपातील सर्व जनावरांना एकदम औषध दिले, तर चिवट कृमींना स्पर्धकच उरत नाहीत. काही जनावरे औषधाविना ठेवली, तर त्यांच्या शेणातून साधे कृमी कुरणात टिकून राहतात आणि चिवटांचे प्रमाण वाढू देत नाहीत. कळपातील बहुतांश जंत मोजक्याच जनावरांत असतात, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. ती जनावरे शोधून त्यांनाच औषध दिले, तर खर्च वाचतो आणि औषधाचे आयुष्यही वाढते.

कमी मात्रा हे दुसरे कारण. जनावराचे वजन नजरेने ठरवले जाते आणि नजर चुकते. फीत जवळ असेल तर एक सोपे सूत्र आहे. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ३००. उत्तर पौंडात येते. घेर ६८ इंच आणि लांबी ५८ इंच असेल तर वजन सुमारे ८९४ पौंड, म्हणजे ४०५ किलो. हीच गाय अंदाजाने ३०० किलोची धरली, तर तिला तीन-चतुर्थांशच औषध मिळते. जंत पुरते मरत नाहीत, फक्त तरबेज होतात.

तपासणी आधी, बाटली नंतर

या साऱ्या चर्चेचा रोख शेण तपासणीकडे आहे. चिमूटभर शेणातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. गोल कृमी की फ्लूक, हेही समजते. औषध देण्यापूर्वी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी अंडी मोजली आणि ती ९५ टक्क्यांनी घटली नाहीत, तर औषध निकामी होत असल्याची शंका घ्यावी लागते. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. एका गावातील पाच-दहा गोठ्यांचे नमुने तपासले तरी त्या गावाला कोणते औषध, कोणत्या महिन्यात हवे, याचा अंदाज येतो. दूध संस्था पशुखाद्य आणि कृत्रिम रेतनाची सोय करतात, तशीच ही सोयही त्यांना करता येण्याजोगी आहे.

युरोपातील १८ देशांसाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, रवंथ करणाऱ्या जनावरांतील प्रमुख जंतांमुळे वर्षाला सुमारे १८० कोटी युरोंचा भुर्दंड पडतो. त्यातील ८१ टक्के वाटा घटलेल्या उत्पादनाचा आणि केवळ १९ टक्के औषधोपचाराचा आहे. जंतांकडे दुर्लक्ष परवडत नाही, हे यातून स्पष्ट होते. तसेच औषधाचा सढळ वापर असलेल्या देशांतही नुकसान संपलेले नाही, हेही.

तेव्हा दूध उत्पादकासाठी क्रम असा लागतो. प्रथम पारडे आणि वासरे, मग पहिल्या पावसाळ्यातील कालवडी, त्यानंतर भाकडकाळातील गाभण जनावरे आणि अखेरीस, शेण तपासणीत जंत आढळले तरच, दुभती जनावरे. पाणथळ भागात फ्लूकचे औषध वेगळे आणि त्याची वेळही वेगळी. ओला गोठा, साचलेले शेण आणि पाण्याकाठचे गवत यांवर लक्ष ठेवले तर बाटलीची गरजच कमी होते. लसीकरणाआधी जंतनिर्मूलन करण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात, तोही याच वेळापत्रकात बसवता येतो.

तीस रुपये लीटरच्या दुधात शेतकऱ्याच्या हाती थोडेच उरते. त्या थोडक्यातून जाणारा प्रत्येक रुपया जंतांच्या पोटात जावा की निरुपयोगी औषधात, असा पर्याय त्याच्यापुढे असू नये. त्यासाठी त्याला हवी आहे ती आपल्या गोठ्यातील जंतांची नेमकी माहिती. ती पुरवणारी तपासणी गावापर्यंत पोचली आणि दूध वगळणाऱ्याचे नुकसान कोणी तरी वाटून घेतले, तर त्याचा लाभ गोठ्याइतकाच शहरातील दुधाच्या पातेल्यालाही होईल.